उपवासाचे मीठ
भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायात खारट अन्न राजस, म्हणजे दुःख व रोग देणारे, मानले असले तरी शांकरभाष्यानुसार तेथे दोष अतिरेकाचा आहे. म्हणून उपवासात साध्या मिठाऐवजी सैंधव घेतल्याने व्रताचा मूळ हेतू, इंद्रियसंयम, साधतो का, हा प्रश्न गंभीर ठरतो, कारण सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते. सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते व रक्तदाब वाढवते, तर फराळातील रताळी, केळी यांतील पोटॅशियम मूत्रपिंडांकरवी सोडियम बाहेर टाकण्यास मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मिठाची मर्यादा सैंधवालाही लागू होते. मूत्रपिंडविकार असलेल्यांना मात्र पोटॅशियमही घातक ठरू शकते, आणि तेथे वैद्यकीय सल्ल्याने फराळ बदलणे व्रतभंग मानू नये.