संशयाची तेरीज

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दोन गोष्टी करू नयेत, असं माझं मत होतं. एक, कुणाला जामीन राहू नये; आणि दोन, नाटकात काम मागायला जाऊ नये. पहिलं पथ्य बँकेतल्या नोकरीमुळे आपोआप पाळलं गेलं. दुसरं गेल्या पावसाळ्यात मोडलं.

दोष सर्वस्वी माझा नाही. आम्ही राहतो सांगलीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून या गावाच्या पाण्यातच काहीतरी आहे. इथला भाजीवालासुद्धा वांगी तोलताना पल्लेदार वाक्यं टाकतो. त्यात गोविंद बल्लाळ देवलांचं हरिपूर आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात. तेव्हा कॉलनीच्या हौशी मंडळाने गणपतीत ‘संशयकल्लोळ’ करायचं ठरवलं आणि पात्रनिवडीची सूचना फळ्यावर लागली, तशी मी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून गेलो. कशासाठी? तर अश्विनशेटच्या कामासाठी. हसू नका. माणूस आरशात समोरून पाहतो. टक्कल मागून असतं.

दिग्दर्शक म्हणजे पंचविशीतला पोरगा. त्याने मला समोरून पाहिलं, मग बाजूने पाहिलं आणि अत्यंत आदराने म्हणाला, “काका, तुम्ही फाल्गुनराव वाचा.”

नाटक तुम्हाला ठाऊक असेलच. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. तिथे पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव पाहतो. बस्स! दोघांनी फक्त पाहिलं, आणि पुढचं सगळं नाटक त्या पाहण्यावर उभं आहे. ही वस्तू मूळची आपली नव्हे. १६६० साली मोलिएरने ती पॅरिसमध्ये रंगवली, पुढे आर्थर मर्फीने लंडनला नेली, आणि देवलांनी १८९३ मध्ये तिला असं काही मराठी धोतर नेसवलं की परकेपणा औषधालाही उरला नाही. १९१६ मध्ये पदांसह ‘संगीत संशयकल्लोळ’ आलं आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला. म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षं तीन देशांतली माणसं एकाच तसबिरीवरून बायकोवर संशय घेताहेत, आणि प्रत्येक ठिकाणच्या प्रेक्षकाला वाटतंय की हे शेजारच्या घरातलं आहे.

मी वाचायला लागलो. हातवारे केले, भुवया उडवल्या, आवाज चढवला. समोर कुणी हसेना. तेव्हा तो पोरगा म्हणाला, “काका, अभिनय करू नका. मी चेक दिल्यावर काउंटरवरून तुम्ही माझ्या सहीकडे बघता ना, तसं नुसतं तसबिरीकडे बघा.”

मी तसं बघितलं. आधी तसबिरीकडे, मग कृत्तिकेकडे, मग पुन्हा तसबिरीकडे. हॉल कोसळला! सगळ्यांत मोठ्यांदा आमची ही हसली. मागच्या खुर्चीवर बसून, पदराने डोळे पुसत. नवऱ्याच्या विनोदाला बायको हसते, तेव्हा एवढी हसत नाही. ओळख पटल्यावरच माणूस असा हसतो.

काम मला मिळालं. घरी येताना मात्र पहिला विचार काय आला असेल? यांना स्मरणिकेसाठी बँकेची जाहिरात तर नको असेल? म्हणजे बघा, फाल्गुनरावाची भूमिका पदरात पडल्यापासून दहा मिनिटांत मी फाल्गुनराव होऊन रस्त्याने चाललो होतो.

आता प्रश्न असा, की मला मिळालं ते बक्षीस की निदान? आणि संशय हा दुर्गुणच असेल, तर महिन्याच्या महिन्याला मला त्याचा पगार का मिळतो?

बँकेची इमारत विश्वासावर उभी असते, असं वार्षिक समारंभात सांगतात. प्रत्यक्षात ती संशयावर उभी आहे. मी नोट उजेडाकडे धरून पाहतो, चेकवरची तारीख पाहतो, आकडा आणि अक्षर जुळतात का ते पाहतो. पूर्वी नमुन्याच्या सहीची कार्डं असायची, आता सही संगणकाच्या पडद्यावर येते. पण डोळा तोच. यात पाप काय? मी संशय घेतो म्हणून तुमचे पैसे तुमचे राहतात.

खूप विचार केल्यावर फरक सापडला, तो असा. माझ्या काउंटरवरच्या संशयाला शेवट असतो. सही जुळली की मी शिक्का मारतो आणि तुम्हाला विसरतो. मला तुम्ही खोटे निघायला नको असता. उलट निघालात तर मलाच जादा काम! फाल्गुनरावाचं उलटं. त्याने बेरीज आधी लिहिली आहे आणि आकडे मागाहून शोधतोय. आणि गंमत म्हणजे ते त्याला सापडतात! बायको बोलली तर लपवतेय, गप्प बसली तर जास्तच लपवतेय. सगळं पै-पैला जुळतं.

इथे मला आमचे कॉमर्सचे सर आठवले. पहिल्या वर्षाला ते बजावून सांगायचे, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं समजू नका. एक चूक दुसऱ्या चुकीला झाकते, एखादी नोंद मुळातच राहून जाते, आणि तेरीज मात्र झकास जुळते. या प्रश्नाला मला चांगले मार्क मिळाले होते. परीक्षेत.

कारण गेल्या दिवाळीत माझ्या टेबलाच्या खणातली पाचशेची नोट नाहीशी झाली. चिरंजीव दहावीत. त्याच आठवड्यात त्याच्याकडे नवी बॅट आली होती. विचारलं तर म्हणाला, मित्राची आहे. म्हणताना खाली बघत होता. मी तेरीज मांडली. खण, बॅट, खाली गेलेली मान. जुळली! मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. चौथ्या दिवशी ती नोट लाइट बिलाच्या घडीत निघाली. ठेवणारा मीच. बॅट खरोखरच मित्राची होती. एक नोंद राहून गेली होती, ती माझ्याच हातची.

मी “चुकलं रे” म्हणालो. तोही “जाऊ द्या, बाबा” म्हणाला. खातं बंद झालं, असं मला वाटलं. पण तेव्हापासून तो दुकानातून काहीही आणलं की न विचारता बिल आणि सुटे पैसे टेबलावर मांडतो. नोटा खाली, नाणी वर, बिल बाजूला. आमच्या हेडकॅशियरला जमणार नाही इतकं व्यवस्थित. इतके दिवस मी हे शिस्तीत धरत होतो. पात्रनिवडीच्या रात्री, हॉलमधलं ते हसणं कानात असताना, मला पहिल्यांदा कळलं की ती शिस्त नाही, पावती आहे. माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दूध घेऊन आला. टेबलावर बिल, नोटा, नाणी. मी सगळं उचललं आणि न मोजता खिशात टाकलं. सांगतो तुम्हाला, वीस वर्षांच्या नोकरीत बोटं इतकी कधी शिवशिवली नव्हती.

तो तिथेच उभा राहिला. “बाबा, मोजले नाहीत?”

“नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि आत जाऊन हळूच आईला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

“आई, बाबांना बरं नाहीये का? की काही काम आहे माझ्याकडे?”