आधी ब्रेक

एखाद्याला एक वस्तू अगदी निकडीनं हवी आहे, ती करून देण्याचं कसब आपल्या हातात आहे, पण ती पुरती बिनधोक होणार नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. मग ती करून द्यावी की नको? आमच्या गावात हा प्रश्न एका सायकलीपायी उभा राहिला. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉलीचे जोड, नांगराचे फाळ, सायकलीचे पंक्चर, सगळं एकाच पत्र्याखाली चालतं.

तात्या वाडीवरचं दूध गोळा करून गावच्या डेअरीत घालायचे. काळ्या सायकलीला २०-२० लिटरचे दोन कॅन, म्हणजे नुसत्या दुधाचंच ४० किलोवर ओझं. वाटेत खिंड. साठीनंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि चढाला सायकल ढकलत न्यायची पाळी आली. उन्हाळ्यात उशीर झाला की दूध नासायचं. मोपेड घ्यायची तर पैसा हवा, वर लायसन. तात्या म्हणाले, "मिस्तरी, सही सोडून मला काय लिवता येत न्हाय. मला कोण लायसन देतंय? हिलाच इंजान बसवा."

कायद्यात याला वाट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चारापेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन मोटार वाहनात मोडत नाही. दादानं गवत कापायच्या ब्रश कटरचं तेवढंच इंजिन शोधलं. पण कायदा सीसी मोजतो, खिंडीचा उतार मोजत नाही. कायद्यानं सोडलं म्हणून करणारा सुटत नाही.

मी दादाला म्हणालो, नको या फंदात पडूस. सायकल माणसाच्या ताकदीला बेतलेली. साधा माणूस बराच वेळ पेडल मारतो तेव्हा अश्वशक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा देतो. हे एवढंसं इंजिन एका अश्वशक्तीच्या आसपास जातं. म्हणजे एका तात्यांच्या जागी आठ-दहा तात्या एकदम पेडल मारणार. चेन, आरे, चिमटा कसा तगणार?

दादा म्हणाला, "आन् आत्ता काय हाय? तीस वर्सं ह्यो मानूस घासलेल्या रबरावर चाळीस लिटर घिऊन खिंड उतरतोय. तवा इचारलंस का कुनी?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. जुना धोका सवयीनं दिसेनासा होतो, नवा मात्र डोळ्यांत भरतो. आपण नाही म्हणतो तेव्हा वाटतं, आपण माणसाला धोक्यातून वाचवलं. खरं तर त्याला त्याच्या जुन्या धोक्यात ठेवून आपण आपले हात स्वच्छ राखलेले असतात.

दादानं काम घेतलं, पण इंजिन आठवडाभर कोपऱ्यात पडून होतं. आधी ब्रेक. दांडीचे ब्रेक काढून तारेचे बसवले, रबरं नवी, मागच्या चाकाला जाड आरे. मग गिअर. बारक्या इंजिनाची ताकद ते भरपूर फिरतं तेव्हाच येते. एकच गिअर ठेवला तर चढाला ते दमतं, क्लच घसरून तापतो. म्हणून मागचा चिमटा थोडा फाकवून त्यानं गिअरच्या सायकलीचं सहा चकत्यांचं फ्रीव्हील बसवलं. मोठ्या चकतीला २८ दाते, धाकटीला १४. इंजिनाचा वेग आधी कमी करून त्याची चेन पेडलच्या धुरीवर आणली, म्हणजे तेच गिअर पायालाही आणि इंजिनालाही. पेडलपाशी आणखी एक फ्रीव्हील, नाहीतर इंजिनाबरोबर पेडलं फिरून नडग्या फोडतील.

गिअर ताकद निर्माण करत नाही, ही गोष्ट मला तिथं नीट उमगली. तो फक्त वाटणी बदलतो. मोठ्या चकतीवर ओढ मिळते, वेग जातो. धाकटीवर वेग मिळतो, ओढ जाते. इंजिन तितकंच फिरताना एकीवर ताशी १५ किलोमीटर, तर दुसरीवर ३०. दोन्ही एकदम नाही.

आणि इथंच खरा वाद झाला. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतर सुमारे चौपट होतं. ओल्या लोखंडी रिमवर तर रबर फारच कमी धरतं. दादानं ठरवलं, गिअरची तार मोठ्या चकतीवरच बांधून टाकायची. तात्यांच्या ध्यानात आलं तसे ते भडकले. "मिस्तरी, चढाला वडती, पर सपाटीला गोगलगाय! मी काय पोर हाय व्हय? माजा जीव मला कळत न्हाय?"

दोघंही बरोबर होते, ही अडचण होती. करणाऱ्यावर जबाबदारी आहेच. पण त्या जबाबदारीच्या नावाखाली साठी ओलांडलेल्या माणसाचा निर्णय आपणच घेऊन टाकायचा, त्यालाही न सांगता, हे काही खरं नव्हे. ती काळजी असली तरी तिच्यात थोडा अपमान असतो.

दादानं तार सोडली, पण सायकल हवाली केली नाही. चार दिवस तात्यांना दुकानात बसवून ब्रेक खोलायला लावला, जोडायला लावला. समजावलं की फ्रीव्हीलमुळं उताराला हे इंजिन मोटारसायकलीसारखं मागं ओढून धरणार नाही. तिथं ब्रेकशिवाय कुणी वाली नाही. म्हणून माथ्यावर थांबायचं, इंजिन बंद करायचं, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, मगच उतरायचं. पावसात धाकट्या चकतीला हात लावायचा नाही. तात्यांनी सगळं बोटांवर मोजून पाठ केलं. नुसती वस्तू दिली की जबाबदारी अर्धीच पुरी होते, उरलेली अर्धी त्या वस्तूची समज देण्यात असते.

१९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांनी जपानमधल्या हामामात्सूत असंच केलं होतं. युद्धानंतर उरलेली लष्कराच्या वायरलेस संचाची छोटी इंजिनं त्यांनी सायकलींना बसवली, आणि त्यांची पत्नी साची यांनी ती सायकल चालवून पाहिली. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग बराबर. घरचं मानूस बसवता यील आसंच करायचं."

तात्यांची सायकल बघून गावातला एक पोरगा आला. त्याला दूध घालायचं नव्हतं, चढ चढायचा नव्हता. वरचा गिअर हवा होता, पैसे जास्त देणार होता आणि ब्रेक खोलायला त्याला वेळ नव्हता. दादानं नाही म्हटलं. पोरानं तालुक्यातून कुठून तरी इंजिन बसवून आणलं, ब्रेक जुनेच.

मी दादाला विचारलं, "मग तुझ्या नाही म्हणण्याचा उपयोग काय झाला?" तो काही बोलला नाही. त्याच्यापाशी उत्तर नसावं, माझ्यापाशीही नाही. आपल्या हातून झालं नाही, एवढ्यानं मन भरत नाही. आणि कुणीतरी करणारच आहे तर आपणच करू, हेही पटत नाही.

पंधरा दिवसांनी तो पोरगा ब्रेक लागत नाही म्हणून दुकानात आला. दादानं हातातलं काम बाजूला ठेवलं, रबरं बदलली, तारा ओढल्या, दोनदा ढकलून पाहिलं आणि नेहमीचे पैसे घेतले. इंजिनाला हात लावला नाही.