डागडुजीचा धर्म

संसारात दोन पंथ असतात: मोडलेलं जोडणारा आणि मोडलेलं टाकणारा. आमच्या घरात दोन्ही नांदतात, म्हणून माळा भरलेला आणि वाद ताजा!

मोरा बंदरावर उभं राहिलं, की उत्तराचा थोडा वास येतो. (सुक्या बोंबलाचाही येतो, ते सोडा.) इथला गाळ कितीही काढा, समुद्र पुन्हा आणून टाकतो. तरी काढावाच लागतो; नाहीतर ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची नाही. होडीची फळी कुजली तर कोळी चिंतन करीत बसत नाही, बदलतो. आत माणसं बसायची असतात.

समोर घारापुरी. तिथला दगडी हत्ती १८६४ साली तुकड्यातुकड्यांनी मुंबईला आला नि १९१४ मध्ये राणीच्या बागेत जोडला गेला. लेण्यातले पडलेले खांब नव्यानं उभारले, कारण डोक्यावर डोंगर आहे. पण हात तुटलेल्या नटराजाला कुणी सिमेंटचा हात बसवला नाही, हे फार बरं केलं. हत्तीचे तुकडे हत्तीचेच होते. हा हात आपला झाला असता.

म्हातारपणी आपलीही डागडुजी निघणार आहे. गाळ काढा, फळी बदला. पण नवा हात बसवण्यापूर्वी, बाबांनो, आम्हाला एकदा विचारा!