चेहरा आणि माणूस

डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. वारली चित्रकला त्यांनी जगभर नेली. परंतु त्या चित्रांतील माणसाला चेहरा नाही. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, चार रेषा. एवढ्यावर तो लावणी करतो, तारप्याभोवती नाचतो. कामावरून आणि सोबत्यांवरून त्याची ओळख पटते.

छायाचित्रकलेने उलट मार्गही चोखाळला. अमेरिकेत रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात खाणकामगार, मजूर व भटके यांना पांढऱ्या कागदासमोर उभे करून टिपले. मागे घर नाही, शेत नाही. उरतो तो माणूस. बाकी सारे वजा केले की अंतरंग दिसते, असे या शैलीविषयी सांगितले जाते.

हे कितपत खरे मानावे? तलासरीच्या एखाद्या वृद्ध शेतमजुराचा असा फोटो पाहून कोणी म्हणेल, "केवढी ही सोशिकता!" पण त्या सुरकुत्यांत स्वभाव किती आणि ऊन व उपासमार किती? १९४५ साली याच परिसरातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. तत्पूर्वी त्यांचे मौन ज्यांना सोशिक वाटले, त्यांनी भीतीलाच स्वभाव मानले होते. पार्श्वभूमी पुसताना कधी अन्यायाचा पुरावाही पुसला जातो.

म्हणून असे छायाचित्र खोटे, असे आम्ही म्हणत नाही. ते आपणांस थांबून पाहावयास शिकविते. निवाड्याचा अधिकार मात्र देत नाही. इशायाच्या थोरल्या पुत्राचे रूप व उंची पाहून शमुवेलासारखा संदेष्टाही फसला. देवाने निवडला तो मेंढरे राखणारा धाकटा दावीद.

आपल्या घरांत स्थळाचा फोटो हातोहात फिरतो आणि "मुलगी गर्विष्ठ दिसते" असा निकाल दोन मिनिटांत लागतो. पुरेशा आधाराविना दुसऱ्याच्या ठायी नैतिक दोष मानणे, यास ख्रिस्तसभा आठव्या आज्ञेचा भंग समजते. फोटो पाहून त्या माणसास भेटावेसे वाटले, तर फोटोने आपले काम केले. भेट मात्र आपणच घ्यावयाची असते.