हे टक्के कोणाचे?

"अडुसष्ट टक्के? मग फर्स्ट क्लास की!" काकीच्या फुफ्फुसांच्या तपासणीचा कागद पाहून आमच्या नाते गावातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले. काकीला बरं वाटलं. मला मात्र ते वाक्य सलत राहिलं, कारण गुरुजींची चूक त्यांची एकट्याची नाही. तो कागदच तसा छापलेला असतो.

चुलीचा धूर वाईट हे कुणाला नव्याने सांगायला नको. भाताच्या रोपासाठी राब भाजतात तेव्हा आमच्या खोऱ्यावर जो धूर साचतो, तोही नवा नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. दम लागतो म्हणून काकीला पुण्याला नेलं, तिने यंत्रात फुंकलं, आणि हातात आकडे आले. ते वाचायचे कसे?

फुंकणंही साधं नसतं. जन्मभर फुंकणीने चूल पेटवलेल्या बाईला बेताने, पुरवून फुंकायची सवय. इथे उलटं. छाती भरून श्वास घ्यायचा, एकदम जोर लावायचा आणि पार रिकामं होईपर्यंत थांबायचं नाही. शेजारी उभी मुलगी ओरडत होती, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" पहिल्या खेपा वाया गेल्या. उत्तम दोन फुंकरींत दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा असा दंडक आहे. तो पाळला नसेल तर कमी आकडा रोगाचा की अर्धवट फुंकण्याचा, हे कळतच नाही.

पंप देऊन, थोडं थांबून पुन्हा फुंकल्यावर काकीची एकूण हवा भरली १.७५ लिटर. त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली १.१० लिटर, म्हणजे एकूण हवेच्या ०.६३ पट. पंपानंतरही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासनलिका आखडल्या आहेत असं साधारण धरतात. आणि ते ६८? त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी बाईची पहिल्या सेकंदाची सरासरी हवा १०० धरली, तर काकीची ६८. फुफ्फुसं अडुसष्ट टक्के चालतात किंवा बत्तीस टक्के गेली, असा त्याचा अर्थ नाही. निरोगी माणसांतही ८५ असतो आणि ११० असतो. नेहमीची खालची रेघच अशी आखलेली असते की निरोगी शंभरातले पाच तिच्याखाली जातात.

म्हणून मी म्हणतो, लिटर आपले असतात, टक्का ही परक्याशी केलेली तुलना असते.

माझे एक डॉक्टर मित्र यावर चिडतात. "आकडे पेशंटला कशाला? एक घाबरतो, दुसरा फर्स्ट क्लास समजतो. आम्ही आहोत ना." त्यांची तळमळ खरी आहे, पण मला हे पटत नाही. आमच्याकडचा रुग्ण आज महाडला, उद्या पनवेलला, परवा पुण्याला जातो. डॉक्टर बदलतात, यंत्रं बदलतात; जुना कागद सांभाळतो तो रुग्णच. २०२१ च्या जुलैत महाडात पाणी भरलं तेव्हा घरोघरच्या कागदांचा लगदा झाला, आणि त्याबरोबर किती जणांचा मागचा आकडा गेला असेल! निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदाची हवा तिशीनंतर वर्षाला साधारण पंचवीस-तीस मिलिलिटर कमी होते. त्याहून वेगाने घटते आहे का, हे मागचे लिटर हाती असल्याशिवाय कसं कळणार?

तेव्हा रुग्णाच्या प्रतीवरून टक्के काढूनच टाकावेत, असं लिहायला मी बसलो होतो. पण काकीकडे मागचे लिटर कुठे आहेत? साठीनंतर ती पहिल्यांदाच या यंत्रासमोर बसली. आणि लहानपणापासूनच्या धुरात फुफ्फुसं मुळात पुरती वाढलीच नसतील, तर स्वतःशी केलेली तुलना ते कधीच सांगणार नाही. ते परकाच सांगू शकतो. टक्का हवाच. भांडण टक्क्याशी नाही, त्यामागच्या 'निरोगी' माणसाशी आहे. तो कोण?

जॉन हचिन्सन यांनी लंडनमध्ये १८४६ साली दोन हजारांवर लोकांची हवा मोजून ती उंचीप्रमाणे वाढते हे दाखवलं. पुढे उंचीबरोबर वंशही आला. काळ्या आणि आशियाई लोकांचं अपेक्षित माप काही टक्क्यांनी कमी धरण्याची सोय यंत्रांतच बसली. २०१२ च्या जागतिक कोष्टकात तर भारतीय उपखंडासाठी वेगळा गटच नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशाचा रकाना सोडून सर्वांना एकच कोष्टक लावण्याची शिफारस केली. मुंबईत कामत, उदवाडिया यांच्यासारख्या डॉक्टरांनी भारतीयांची मापं घेतली होती, ते मोलाचं काम. तरी शंका राहते. धुराने आणि अर्धपोटी बालपणाने लहान राहिलेली छाती 'आपली सरासरी' ठरली, तर नुकसानच निरोगी म्हणून नोंदलं जाईल.

इथे चिंतामणराव देशमुखांची आठवण होते. १८९६ साली ते याच नाते गावात जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे ते बरीच वर्षं अध्यक्ष होते, हे कमी जणांना. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, त्याच वर्षी ते अर्थमंत्री झाले. देशाची सरासरी काढायची तर कुणाच्या दारात जायचं, हा त्या पाहणीचा कळीचा प्रश्न. फुफ्फुसांच्या कोष्टकालाही तोच विचारायला हवा: चुलीपुढे बसणाऱ्या किती बायका तुम्ही मोजल्यात, आणि मोजल्या असतील तर निरोगी म्हणून का?

डॉक्टर मित्रांना मी हे विचारलं. कोणतं कोष्टक वापरलं ते कागदावर असतं, एवढं त्यांनी मान्य केलं. काकीच्या कागदावर ते नाव तळाशी बारीक टायपात सापडलं. पुढच्या वेळी यंत्रात दुसरं कोष्टक असेल तर हेच १.१० लिटर वेगळे टक्के दाखवतील. म्हणून ते नाव मी पेनाने वर, लिटरच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.