आजचं चिंतन : भरताने दिलेला हिशेब



आजचं वाचन वाल्मीकी रामायणातलं, युद्धकांडाच्या अगदी शेवटचं. रावण मारला गेलाय, पुष्पक विमान उतरलंय, चौदा वर्षं संपलीत. राम आणि भरत भेटतात. इथे आपण डोळे पुसतो आणि थेट राज्याभिषेकाकडे जातो. मीही आजवर तेच करत आले. या वेळी मात्र मध्येच अडकले. भरत स्वतःच्या हाताने रामाच्या पायांत पादुका घालतो आणि लगेच सांगतो, की तुझा न्यास तुला परत करतोय. खजिना पाहून घे, धान्याची कोठारं पाहून घे, सैन्य पाहून घे, तुझ्या प्रतापाने सगळं दसपट झालंय.

म्हणजे चौदा वर्षांनी भाऊ भेटला, आणि आधी काय, तर हिशेब!

इथेच का अडकले, ते सांगते. जरा खाजगी आहे, पण आपल्या या रोजच्या गप्पांमध्ये आडपडदा कधी ठेवला नाहीये.

आमच्या पुण्यातल्या भागात एक छोटी संस्था आहे. गावाकडून नर्सिंगच्या कोर्सला येणाऱ्या मुलींची राहायची सोय आणि फीला मदत, एवढंच काम. सात विश्वस्त, त्यातले सहा साठीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष काका घरी आले. याच काकांनी लहानपणी मला रामरक्षा शिकवली. म्हणाले, "बाळ, तरुण माणूस हवंय. वर्षातून चार मीटिंगा, चहा-पोहे, दोन सह्या. देवाचं काम आहे." मी हो म्हटलं. बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेला आणि मी 'विश्वस्त' झाले. आईने पेढे वाटले, मी इन्स्टावर स्टोरी टाकली. (ती आता काढून टाकलीये.)

मीटिंग म्हणजे काय, तर ऑफिसचा कॉल म्यूट करून तासभर बसायचं, मिनिट बुक पुढे आलं की सही करायची, पुढच्याला द्यायचं. वाचायचं काय? काका आहेत ना.

या पावसाळ्यात जुन्या फायली स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक आंतर्देशीय पत्र सापडलं, एका निवृत्त शिक्षिकेचं. बाई आता हयात नाहीत. त्यांनी दोन लाख रुपये दिले होते, आपल्या आईच्या नावाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या व्याजातून दर वर्षी एका मुलीच्या फीला हातभार लावायचा, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. सहज म्हणून ती एफडी शोधायला गेले. नव्हती. आदल्या वर्षी मोडली होती. मुलींच्या खोल्यांचा स्लॅब गळत होता, पावसाच्या आधी वॉटरप्रूफिंग करायचं होतं, हातात पैसे नव्हते. "पुढे देणग्या आल्या की भरू," असं ठरलेलं. ठराव एकमताने मंजूर, खाली सात सह्या. सातवी माझी.

एक पैसा कुणी खाल्लेला नाही, हे आधीच स्पष्ट करते. मुली कोरड्या राहिल्या. पण ज्या मुलीला त्या व्याजातून मदत मिळायची, तिला या वर्षी ती नाही. आणि असा काही निधी आहे हे तिला माहीतच नाही, म्हणून ती कधी विचारायला येणार नाही. बाईही येणार नाहीत. या गोष्टीची तक्रार करणारं जगात कुणीच उरलेलं नाही. मला झोप लागली नाही ती यामुळे.

काकांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण विश्वास होता, आजही आहे. शिवाय आपल्यावरचे संस्कार असे, की वडीलधाऱ्यांकडे हिशेब मागणं म्हणजे उद्धटपणा. त्यात गीता वाचणाऱ्याने पैशांच्या मागे लागावं का, फळाची आसक्ती सोडायची तर एफडीची कसली धरून बसायची, असंही मनात आलं. खरं सांगायचं तर ही सगळी अध्यात्मिक वाक्यं मला सोयीची होती. विषय सोडून द्यायला छान कारण मिळत होतं.

मग भरत आठवला. 'न्यास' शब्दाचा मूळ अर्थ ठेव. कुणीतरी विश्वासाने आपल्याजवळ ठेवून गेलेली वस्तू. आपण 'सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय' अशी पाटी वाचतो, त्यातला न्यास हाच. भरताने राज्य घेताना हेच म्हटलंय, की हे भावाने माझ्याकडे ठेवलेलं आहे. आणि नंदिग्रामात तो काय करतो? कारभारातली प्रत्येक गोष्ट आधी पादुकांना सांगतो. पादुका बोलत नाहीत, जाब विचारत नाहीत. तरी सांगतो. लहानपणी मला हे भाबडं वाटायचं. आता वाटतं, मालक समोर नसताना मालक मीच असं वाटायला लागतं, त्यावरचा हा त्याचा रोजचा उपाय होता.

कायद्याची गंमत बघा. खाजगी ट्रस्टसाठी १८८२ चा जो कायदा आहे, त्यात विश्वस्ताची कसोटी साधारण अशी दिलीये, की सुज्ञ माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेतो तेवढी त्याने ठेवीची घ्यावी. म्हणजे कायदा म्हणतो, आपलं समजून सांभाळ. आणि ईशावास्य पहिल्याच मंत्रात विचारतं, हे धन कुणाचं? दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं? गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय, की गीतेतला अपरिग्रह समजून घेताना त्यांना विलायतेत शिकलेला कायदा कामी आला. ट्रस्टीकडे कोट्यवधी असले तरी त्यातली पै त्याची नसते, हे तिथून उलगडलं. मला वाटतं या दोन गोष्टी भांडत नाहीत. काळजी आपली, वस्तू परक्याची. आम्ही मात्र नेमकं उलटं केलं होतं. वस्तू आपली समजून मोडली आणि काळजी काकांवर टाकून दिली.

आणि काकांच्या प्रश्नात काय चुकत होतं तेही मग कळलं. त्या बाईंनी विश्वास टाकला तो आम्हा सातही जणांवर. प्रत्येकाने पाहावं म्हणूनच सात सह्या लागतात. मी न वाचता सही केली तेव्हा मला वाटलं, मी काकांवर विश्वास ठेवतेय. पण तो माझा नव्हताच. बाईंनी माझ्याकडे ठेवलेला विश्वास मी परस्पर काकांना देऊन टाकला. त्यांनी एफडी मोडली तशीच मीही एक ठेव मोडली होती, आणि तीही त्यांच्यासारखीच चांगल्या मनाने.

हे सुचल्यावर काकांकडे जायचं बळ आलं. पहिल्यांदा गेले होते तेव्हा माझ्या आवाजात "तुम्ही असं कसं केलंत?" होतं. या वेळी मिनिट बुक उघडून माझी सही दाखवली. म्हटलं, "काका, ही मी वाचली नव्हती. मला ते पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवायचंय. आणि ऑडिटरनी विचारायच्या आधी आपणच त्यांना सांगू या." भरताला रामाने कुठे हिशेब मागितला होता? त्याने न मागता दिला, म्हणून त्यात कुणाचा अपमान नव्हता. एकदा मागायची वेळ आली की प्रत्येक आकडा आरोपासारखा ऐकू येतो.

काका लगेच विरघळले वगैरे नाहीत. "स्लॅब गळू द्यायचा होता का मग?" त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. पत्रातली अट पाळायची की आत्ता भिजणाऱ्या मुली बघायच्या? त्या दिवशी मी शुद्धीवर असते तर काय म्हटलं असतं, कोण जाणे. कदाचित स्लॅबसाठी सोसायट्यांमध्ये फिरून वर्गणी काढू म्हटलं असतं. कदाचित पैसे जमलेही नसते. पण निदान पत्र टेबलावर असतं आणि आपण काय मोडतोय हे सातही जणांना माहीत असतं.

मीटिंगमध्ये पत्र वाचलं. एक काकू रडल्या. त्या बाईंच्या विद्यार्थिनी निघाल्या. ठराव झाला : दरमहा दहा हजार बाजूला टाकून वीस महिन्यांत मुद्दल पुन्हा उभं करायचं, आणि दर मीटिंगला पहिला विषय तोच. या ठरावाची ओळ न् ओळ वाचून मी सही केली, सगळे थांबून राहिले होते, जरा लाजही वाटली.

तुमच्यापैकी कुणाला असं विश्वस्त व्हायला बोलावलं, तर जरूर जा. फक्त संस्थेची घटना, मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि देणगीदारांची पत्रं आधी मागून घ्या. मी पेढे आधी खाल्ले.

राहिला या वर्षीच्या मुलीचा प्रश्न. व्याज साधारण चौदा हजार यायचं. सातजणांनी आपापल्या खिशातून दोन-दोन हजार घालायचं ठरलं. काका आता मला 'बाळ' म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात. पण सगळ्यात आधी पाकीट त्यांचंच आलं. आत शंभराच्या वीस नोटा, आणि वर बॉलपेनने लिहिलेलं : 'पावती हवी.'

राम कृष्ण हरी.