सुट्टी कोणाची?



अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील मंडळींचे जून महिन्यात कधी फोन येतात. "फादर, १९ तारखेला आम्हांला सुट्टी आहे." कसली, असे विचारले तर उत्तर मिळते, "इथली काहीतरी असते." २०२१ सालापासून ही तेथील राष्ट्रीय सुट्टी आहे. तिला 'जूनटीन्थ' म्हणतात. 'काहीतरी' म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही.

अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. पण बंडखोर राज्यांत तो पाळला जाण्यासाठी सैन्य पोहोचावे लागे, आणि टेक्सास फार दूर होते. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन बंदरात हुकूम काढला, तेव्हा टेक्सासमधील सुमारे अडीच लाख गुलाम मोकळे झाले. मधली अडीच वर्षे ते फुकट राबले. बातमी कोणालाच ठाऊक नव्हती असे नाही. अनेक मालकांना ती ठाऊक होती. फक्त त्यांनी सांगितली नाही.

त्या हुकुमात आणखी एक गोष्ट आहे. मुक्त झालेल्यांनी आहे तेथेच शांतपणे राहावे, मजुरी घेऊन काम करावे, आळशीपणाने बसणाऱ्यांना पोसले जाणार नाही, असे त्यात बजावले होते. जन्मभर मजुरीविना राबलेल्या माणसांना मुक्तीच्या पहिल्याच दिवशी आळसाबद्दल ताकीद! (ताकीद देणारे हात कितपत राबले होते, कोण जाणे.) पुढे या लोकांनी तो दिवस पाळायचे ठरवले, तर जमायला जागा मिळेना. तेव्हा १८७२ साली ह्यूस्टनमधील मुक्त लोकांनी पैसे गोळा करून दहा एकर जमीन विकत घेतली. तेथे आजही उद्यान आहे. २०१६ साली ओपल ली या ८९ वर्षांच्या शिक्षिका याच दिवसाच्या सुट्टीसाठी टेक्सासहून वॉशिंग्टनच्या दिशेने चालत निघाल्या. वाटेत गावोगावी त्या अडीच मैल चालत, अडीच वर्षांच्या उशिराची आठवण म्हणून.

सुट्टीला विरोध करणारेही होते. एक म्हणणे खर्चाचे होते. ते आम्ही बाजूला ठेवतो. दुसरे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. आम्ही गुलाम ठेवले नाहीत, आमच्या बापानेही नाही, मग आमच्या पंचांगात ही जखम कशाला?

वैयक्तिक पाप वारशाने येत नाही, हे खरे. पण कर्ज येते. आजोबांची वाडी नातवाच्या नावावर होते तेव्हा तिच्यावरचे गहाणही त्याच्याकडे येते. "गहाणखतावर माझी सही नाही" असे म्हणून चालत नाही. वाडीतली केळी खायची आणि गहाण मात्र मेलेल्या आजोबांचे, हा न्याय कोणालाच पटणार नाही.

याचे उदाहरण दूर शोधायला नको, आपल्याच ख्रिस्तसभेत आहे. १८३८ साली मेरीलँड प्रांतातील येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम माणसे लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. त्या पैशातून जॉर्जटाऊन येथील त्यांच्या महाविद्यालयाचे कर्जही फेडले गेले. विकलेल्यांतील कितीतरी जण बाप्तिस्मा घेतलेले कॅथोलिक होते. ज्यांनी त्यांना कम्युनियन दिले त्यांनीच किंमत घेतली. पुढच्याच वर्षी पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. त्या विद्यापीठाने आणि संघाने वंशजांसमोर क्षमा मागितली ती २०१७ साली. दरम्यान १७९ वर्षे गेली. आपल्या वसईवरही पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि त्याच अमलात मोझांबिकहून माणसे विकण्यासाठी गोव्यात आणली जात. ज्या काळात आपल्याला श्रद्धा मिळाली तोच हा काळ.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचे एक मत पाठ केले होते: काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात. परीक्षेत उत्तर लिहिले, गुण मिळाले, आणि दुपारी पोटभर जेवलो. घास अडकला नाही, याचे आज नवल वाटते.

मग कर्ज फेडायला सुट्टी हे नाणे चालेल काय? पवित्र शास्त्र यावर विलक्षण बोलते. शब्बाथाची आज्ञा दोनदा आली आहे. निर्गमात कारण दिले आहे ते सृष्टीचे: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. पण अनुवादात कारण बदलते. तू स्वतः मिसर देशात गुलाम होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासाला व दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. म्हणजे गुलामगिरीची आठवण भाषणाने करायची नाही, हात थांबवून करायची. आणि आपले हात थांबवणे पुरेसे नाही, आपल्या घरात राबणाऱ्याचे थांबले पाहिजेत. अमेरिकेतील सुट्टीची उणीव नेमकी येथे आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना ती हक्काने मिळते. खाजगी मालकावर बंधन नाही. त्या दिवशीही हॉटेलात भांडी घासणारा घासतोच.

हे लिहिताना आम्हांला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. झारखंडची एक आदिवासी कॅथोलिक मुलगी येथील एका घरी राहून काम करते. कोणते घर, हे विचारू नका. एका संध्याकाळी दूध आणायला निघालेली ती चर्चमध्ये डोकावली आणि म्हणाली, "फादर, रविवारी मिस्साला सोडा असं मॅडमना तुम्ही सांगा ना." आम्ही होकार दिला. मग सण आला, नोव्हेना आली, ते कुटुंब देणगीला सढळ आहे हेही मनात आले. सांगायला आम्हांला सात आठवडे लागले. गॅल्व्हेस्टनची बातमी दडवणारे मालक वाचताना आम्हांला ते सात रविवार आठवतात.

आता ती महिन्यातून दोन रविवारी दुसऱ्या मिस्साला येते. मागच्या बाकावर बसते. शेवटच्या आशीर्वादापूर्वीच उठून जाते, कारण साडेबाराला जेवण लागते.

आपला,
धर्मगुरू